मोकळी ठेवलेली जागा

या, असे जरा जवळ सरकून बसा. भिंतीला टेकलात तरी चालेल, दिवसभराचे दमलेले असाल. आज टाळ नाही, मृदंग नाही, पण गोष्ट कीर्तनाच्याच वळणाची सांगतो: आधी थोडे ज्ञान आणि मग एक माणूस. ही गोष्ट अजून घडलेली नाही, घडायची आहे. पण कथेकऱ्याला काळाचे कुंपण कधी अडवते का? ज्ञान विसरलात तर विसरा. माणूस तेवढा जपून न्या.

आनंदखोरे नावाचे एक शहर असेल. चहूकडे डोंगर आणि मध्ये माणसेच माणसे. त्या शहराच्या पदार्थशाळेत, म्हणजे नवी द्रव्ये घडवणाऱ्या प्रयोगशाळेत, तिसऱ्या मजल्यावर, डॉ. रेवती उकिडवे भिंतीएवढ्या नकाशासमोर बसल्या होत्या. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती. त्यांनी ती बोटाने बाजूला केली आणि चहा तसाच ठेवला.

नकाशावर शहरातली सगळी जीवांगणे दिसत होती. जीवांगण हा शब्द त्यांचाच आणि ती वस्तूही त्यांचीच. झोपाळे-घसरगुंड्यांखाली अंथरलेले जिवंत रबर. प्रत्येक अंगणाच्या पोटात वाफ हुंगणारी बारीक यंत्रे पुरलेली होती. त्यांना गंधटिपे म्हणत. स्वच्छ असेल तिथे नकाशा हिरवा दाखवी, विषारी असेल तिथे लाल. आणि नकाशा लालच लाल होता. कुणीतरी कुंकवाचा करंडा उपडा केला असावा, तसा.

"बाई, मला एकदा साध्या शब्दांत सांगा," समोर बसलेले बोरगे म्हणाले. ते महापालिकेचे उद्यानप्रमुख. त्यांच्याही डोळ्यांखाली काळे आले होते. "सभेत मलाच उभं राहायचंय. विषारी काय, टायर की तुमचं अंगण?"

"मुळात टायर. जुन्या टायरचा चुरा करायचा, गोंदात कालवायचा आणि मुलांच्या पायाखाली अंथरायचा. मूल पडलं तरी डोकं फुटत नाही, हा त्याचा गुण. पण टायर रस्त्यासाठी केलेला असतो, लेकरासाठी नाही. त्यात तेलं असतात, काजळी असते. ऊन तापलं की ती वर येतात. मुलांचे हात त्यावर आणि तेच हात तोंडात. म्हणून आम्ही त्या चुऱ्यात तेलखाऊ जीवाणू सोडले. ते तेल खातात आणि पाणी न् साधी हवा सोडतात. जिथलं विष तिथेच पचवायचं."

"मग खात का नाहीत?"

"खातात, साहेब," कोपऱ्यातून तन्वीर मुजावर म्हणाला. गंधटिपे त्याने घडवली होती आणि रेवतीबाईंच्या हाताखाली त्याची उमेदीची वर्षे गेली होती. "पण अर्धवट खातात. त्यांना हवा लागते. हवा मिळाली तर सगळं पचतं. नाही मिळाली तर ते मरतही नाहीत, नुसतं आंबवत बसतात. आणि त्या आंबणाची वाफ मूळ तेलापेक्षा वाईट. घसा धरते, छाती भरते."

बोरगे म्हणाले, "म्हणजे औषध घातलं नसतं तर बरं होतं."

"हो," रेवतीबाई म्हणाल्या.

"इथे तर चांगलं चाललं होतं ना?"

"इथे अजून चांगलंच आहे. या खोलीबाहेरच्या बोळात तोच तुकडा अंथरलाय. तीच वीतभर जाडी, तेच जीवाणू. वर्षं झाली, एक दाणा आंबला नाही. तिथे हवा कशी पोचते आणि शहरातल्या अंगणांत का पोचत नाही, हे कळत नाहीये."

बोरगे उठले. जाताना ओशाळवाण्या आवाजात म्हणाले, "उन्हाळ्याआधी सभा आहे. तोवर काही निघालं तर ठीक. नाहीतर सगळी अंगणं उखडून गाड्यांना वीज भरायचे तळ करायचा ठराव तयार आहे. आणि तुम्हाला सांगतो बाई, एकदा तिथे गाड्या उभ्या राहिल्या की मुलांना जागा परत मिळत नाही."

हे रेवतीबाईंना सांगायला नको होते. त्यांची चार वर्षांची नात ओवी रोज खिडकीच्या गजांना नाक लावून खालचे कुलूपबंद अंगण बघे आणि एकच प्रश्न विचारी, "आजी, अंगण बरं झालं का?" आजारी माणसाबद्दल विचारावे तशी.

दार लागल्यावर तन्वीर म्हणाला, "मॅडम, एक गंमत दाखवू? म्हणजे गंमत नाही, पण मला दोन रात्री झोप नाही." त्याने नकाशा मागे नेला. लाल पसाऱ्यात एक अंगण हिरवे होते, कुंभारटेकाचे. मग पावसाळा सरताना ते हळूहळू लाल झाले आणि गवळीवाड्याचे हिरवे झाले. तेही मावळले आणि जकातनाक्यामागचे उजळले. "हिरवा चालतोय."

"टिपं बिघडली असतील."

"बिघडलेलं यंत्र जागेवर बिघडतं. शहरभर फिरायला जात नाही. हां, एक मात्र बिघाड दिसतो. प्रत्येक हिरव्यात एका टोकाला एक लाल ठिपका उरतो, टिकलीएवढा. तेवढं एकेक टिप गेलेलं असणार."

"ते नंतर बघू," रेवतीबाई म्हणाल्या आणि खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठल्या. "आधी हिरवं कोण चालवतंय ते बघू."

जकातनाक्यामागच्या अंगणाला साखळी होती, पण ती नुसती अडकवलेली. फाटकावर पाटी होती: 'फक्त बारा वर्षांखालील मुलांसाठी. मोठ्यांना सक्त मनाई.' आत मुले एकही नव्हती. होती ती सगळी साठी-सत्तरीची मंडळी, गळ्यात टाळ अडकवलेली, घसरगुंडीच्या पुढ्यात दोन ओळी करून उभी. पहारेकरी त्यांच्याकडे पाठ करून बसला होता. आपण काही बघितलेच नाही असा त्याचा चेहरा होता आणि पाय मात्र तालावर हलत होता.

पुढे एक बाई उभ्या होत्या. साधे सुती पातळ, खांद्यावर उपरणे, कपाळी बुक्का. स्नेहलताई घोंगडे. त्या काळातल्या आज्यांची नावे अशीच असतील: स्नेहल, प्राजक्ता, अश्विनी. रेवतीबाईंच्या गळ्यातले ओळखपत्र बघून त्यांनी चिपळ्या थांबवल्या.

"रामकृष्णहरी. हाकलायला आलात ना? एवढा अभंग होऊ द्या, मग हाकला. मागच्या खेपेला मधेच उठवलं, तर आमच्या प्राजक्ताबाईंचा सूर वरच राहिला. उतरवायला दोन दिवस लागले."

मागून प्राजक्ताबाई म्हणाल्या, "आणि तुमचा कधी वर गेलाच नाही, म्हणून उतरवायची चिंता नाही." मंडळी हसली.

"हाकलायला नाही आलो," रेवतीबाई म्हणाल्या. "विचारायला आलो. इथेच का करता कीर्तन? देऊळ नाही?"

"देऊळ आहे की. पण त्याला फरशी आहे गुळगुळीत. वयं बघा आमची. फरशीवर पावली खेळलो की दुसऱ्या दिवशी निम्मी दिंडी हाडाच्या डॉक्टरकडे. हे रबर कुण्या पुण्यवंताच्या हातून झालंय बघा. पाय टाकला की आईच्या मांडीवर टाकल्यासारखा वाटतो. पोरंबाळं येईनाशी झाली, जागा ओस पडली. म्हटलं, ओस जागेत देवाचं नाव तरी असावं."

"ह्याच त्या पुण्यवंत," तन्वीर बोट दाखवून म्हणाला.

"होय का?" स्नेहलताईंनी रेवतीबाईंना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. "म्हणजे कुंभारटेकावरून आम्हाला उठवलं त्या कागदावर सही तुमचीच. सुरेख सही आहे हो. वळणदार. मोठ्यांच्या वजनानं रबर झिजतं, असं वरती लिहिलं होतं."

रेवतीबाईंना तो कागद आठवेना. अशा कितीतरी कागदांवर त्यांनी थकल्या हाताने सह्या केल्या होत्या. मोठ्या माणसांच्या भाराने अंगण लवकर झिजेल, सबब त्यांना बंदी असावी, हे कलम समितीत निघाले तेव्हा त्यांनी मान डोलावली होती. चुकीचे नव्हतेच ते. रबर झिजतेच.

"वासाचा त्रास नाही होत तुम्हाला?"

"नव्या जागी थोडे दिवस घसा धरतो. मग जागा निवळते. नामाचा महिमा." असे म्हणताना स्नेहलताईंना खोकला आला. उपरण्याचा पदर तोंडाशी धरून त्या बराच वेळ खोकल्या.

"तुमचा घसा काही निवळलेला दिसत नाही."

"माझा गळा फार वापरलेला आहे, बाई. त्याला काय होतंय? बसा आता. नाहीतर उभ्या राहा. पण चपला काढा."

रेवतीबाईंनी चपला काढल्या आणि अंगणाच्या कडेला ठेवायला वाकल्या. तिथे मंडळींच्या चपला ओळीने मांडलेल्या होत्या, टाचा एका रेषेत. त्या ओळीकडे बघत त्या वाकलेल्याच राहिल्या. मागे पावली सुरू झाली. एक पाऊल पुढे, टाच रुतवून, मग चवडा, मग पाय उचलून मागे. तीस-चाळीस टाचा एकदम खाली जात आणि एकदम सुटत. प्रत्येक वेळी पायाखालून बारीक आवाज येई. दमलेले माणूस बसताना सोडते तसा.

"तन्वीर," त्या म्हणाल्या, "आपल्या बोळात आपण चपला कुठे काढतो?"

"दाराशी. धूळ आत येऊ नये म्हणून. शिवाय वर गणपतीचा फोटो आहे." आणि मग त्याचाही आवाज उतरला. "आणि तिथून अनवाणी, त्या तुकड्यावरून, चहाला."

"रोज. सगळे. जाता येता."

हवा कशी पोचते त्याचे उत्तर त्यांच्याच पायांत होते. वीतभर जाडीचे रबर. मुलाचे वजन वरचा पापुद्रा तेवढा दाबते, तळापर्यंत पोचत नाही. मोठ्या माणसाची उघडी टाच खोल रुतते, आतली कोंडलेली हवा बाजूने बाहेर पडते आणि टाच उचलली की छिद्रे फुगून नवी हवा ओढून घेतात. भात्यासारखी. अंगण श्वास घेत होते, पण तो मोठ्यांच्या पायांनी. आणि मोठ्यांना तर दारावरच अडवलेले होते, रबर झिजू नये म्हणून.

बोरग्यांना हे पटवायला वेळ लागला नाही, पण त्यांनी सरळ मार्ग सुचवला. "माणसं कशाला? ठोकणारं यंत्र आणू." आणले. तन्वीरने ते गवळीवाड्याला पंधरवडाभर चालवले. नकाशा लालच. यंत्राचा पत्रा सपाट. तो दाबताना छिद्रांवर झाकणासारखा बसे आणि हवा आतल्या आतच राही. बुटांचे तळही तसेच. हवी होती ती माणसाची टाच, उघडी, गोल आणि पुन्हा पुन्हा उचलली जाणारी.

सभेने पावसाळा सरेपर्यंतची मुदत दिली. तोवर अंगणे हिरवी झाली नाहीत तर गाड्या. जुन्या पाट्या उतरल्या आणि नव्या लागल्या: 'आधी मोठ्यांनी अनवाणी खेळावे. अंगण निवळल्यावर मुलांना सोडावे.'

आणि कोणीही आले नाही.

येणार तरी कसे? माणसे दिवसभर पडद्यांसमोर डोळे शिजवून, दोन-दोन तास प्रवास करून घरी येत. फाटकाशी थांबत, पाटी वाचत. "आता उड्या मारायच्या होत्या तेवढ्याच राहिल्या होत्या," एक बाप म्हणाला आणि पिशवी या हातातून त्या हातात घेऊन निघून गेला. रेवतीबाई तिथेच बाकावर बसल्या होत्या. त्यांना त्याचा राग आला नाही. त्यांनाही तेच वाटत होते.

दुसऱ्या दिवशी त्या स्नेहलताईंच्या घरी गेल्या. छोटीशी खोली, खिडकीत तुळस, पलंगाशी वाफाऱ्याचे भांडे.

"माणसं येत नाहीत," रेवतीबाई म्हणाल्या. "विज्ञान सांगून झालं. धाक घालून झाला."

"दमलेल्या माणसाला विज्ञान सांगून कोणी नाचतो का, बाई? त्याला आधी बसवायचं. मग त्याच्या मनातलं एखादं वाक्य बोलायचं. मग त्याचा पाय आपोआप हलतो." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून उठायचा प्रयत्न केला. "कुठली अंगणं आहेत सांगा."

"तुम्हाला बरं नाहीये."

"तुम्ही कुंभारटेकावरून उठवलंत म्हणून गवळीवाडा बरा झाला. म्हणजे देवानं आधीच फिरस्ती लावून दिली होती. सही तेवढी तुमच्याकडून करून घेतली."

मग तो उन्हाळा आणि तो पावसाळा स्नेहलताई अंगणामागून अंगण फिरल्या. थोडे दिवस एका ठिकाणी राहायच्या. तिथली माणसे पावली शिकली, आपली आपण येऊ लागली की पुढच्या ठिकाणी. त्यांच्या एका गुडघ्यात धातूची वाटी होती. पावली त्यांना जमत नसे. "नाचवायचं काम माझं, नाचायचं तुमचं," म्हणत त्या पुढच्या टोकाला एका जागी उभ्या राहत आणि गात. मधूनच खोकत, मग खोकल्याचीच नक्कल करून लोकांना हसवत. तोंडाला फडके बांधा असे रेवतीबाईंनी दोनदा सांगून पाहिले. "फडक्यातून नाम देवाला ऐकू जाईल, पण मागच्या ओळीला नाही," असे उत्तर मिळाले.

आधी म्हातारी मंडळी आली. मग आया आल्या, मग पिशव्या बाकावर ठेवून बाप आले. तो उड्यांची थट्टा करणारा बापही एकदा आला आणि दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला. रेवतीबाईही दुसऱ्या ओळीत उभ्या राहू लागल्या. ताल चुके. ओवी फाटकाबाहेरून ओरडून सांगे, "आजी, आता उजवा."

दसऱ्याच्या सुमारास नकाशा हिरवा झाला. गाड्यांचा ठराव बारगळला. ओवी अंगणात उतरली आणि पहिल्याच दिवशी तोंडावर पडली. उठली, हात झटकले, पुन्हा पळाली.

मार्गशीर्षात स्नेहलताईंनी देह ठेवला. छाती भरली होती. डॉक्टरांनी वय सांगितले, शहराची हवा सांगितली. शेवटच्या दिवशी रेवतीबाई उशाशी होत्या. ताईंनी एवढेच विचारले, "कुंभारटेकाला माणसं येतात का अजून?" येतात म्हटल्यावर डोळे मिटले.

काही दिवसांनी रेवतीबाई पुन्हा नकाशासमोर बसल्या. सगळीकडे हिरवे, आणि प्रत्येक हिरव्यात तो टिकलीएवढा लाल.

"ती बिघडलेली टिपं एकदा बदलून टाक," त्या म्हणाल्या.

तन्वीर दोन दिवसांनी परतला आणि टेबलावर नुसते हात ठेवून बसला. "उकरून तपासली, मॅडम. एकही बिघडलेलं नाही. तिथली वाफ खरीच आहे. आणि सगळीकडे ठिपका पुढच्याच टोकाला आहे."

त्या संध्याकाळी रेवतीबाई तन्वीरला आणि ओवीला घेऊन कुंभारटेकाला गेल्या. मंडळी जमली होती. दोन ओळी नेहमीसारख्या उभ्या राहिल्या. पुढे, ओळींच्या समोर, दोन हातांची जागा मोकळी होती. ओवी पळत तिकडे निघाली तशी प्राजक्ताबाईंनी तिला दंडाला धरून हळूच मागे घेतले.

"तिथे नको गं पाय ठेवू. ती ताईंची जागा. कीर्तनकार उभा राहतो ती नारदाची गादी असते. त्या असतानाही तिथे कोणी पाय ठेवत नव्हतं."

रेवतीबाईंना नकाशावरचा तो लाल ठिपका आठवला. सगळ्या अंगणात माणसांच्या टाचा पडल्या होत्या. पडल्या नव्हत्या त्या एवढ्याच जागी. गाणारी गुडघ्यामुळे हलत नव्हती आणि बाकीचे आदराने तिथे पाय ठेवत नव्हते. सगळ्या अंगणाला श्वास देणारी बाई, श्वास न घेणाऱ्या तेवढ्याशा तुकड्यावर रोज उभी होती. तोंड उघडून, छाती भरभरून. अंगणामागून अंगण.

तेवढ्या वाफेनेच त्या गेल्या, असे विज्ञान म्हणणार नाही. रेवतीबाईही पुढे कधी तसे म्हणाल्या नाहीत. पण नाही, असेही त्यांना म्हणता आले नाही.

त्यांनी पदर खोचला. मंडळी बघत असताना त्या मोकळ्या जागेपाशी गेल्या, वाकून तिला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि मग त्या जागेवर उजवी टाच ठेवून सगळा भार टाकला. खालून बारीकसा, आंबूस उसासा आला.

"अहो, काय करताय," प्राजक्ताबाई म्हणाल्या.

"जागेला श्वास देते," रेवतीबाई म्हणाल्या. "तुम्हीही या. एकेक जण. ओवीला तेवढं लांब धरा."

मग ओवीचा हात तन्वीरच्या हाती देऊन प्राजक्ताबाई पुढे आल्या आणि त्यांच्यामागून सगळी ओळ आली.

संपली गोष्ट. आता मांडी मोडा, घरी जा, दमला आहात. पण एक मागणे आहे. लेकरांना घेऊन कधी अशा मऊ अंगणात गेलात तर बाकावर बसून राहू नका. चपला कडेला काढा आणि आधी तुम्ही आत जा. पुढच्या टोकाला कुणासाठी जागा मोकळी ठेवलेली दिसली तर तिला नमस्कार करा, आणि मोकळी मात्र ठेवू नका. चार पावले तिथे टाका. टाच खाली जाईल तेव्हा स्नेहलताई घोंगड्यांची आठवण काढा, एवढीच विनंती.